खाण्याची ॲलर्जी की धुळीची? कुत्र्या-मांजरांची खाज ओळखताना

कुत्रं खाजवायला लागलं की घरात पहिला हुकूम सुटतो तो चिकन बंद करण्याचा. मग पंधरा दिवस दूध-चपाती आणि दही-भात. फरक पडला नाही की ‘म्हणजे खाण्याचं काही नाही’ असा निकाल लागतो. थोडा पडला तर चिकन जन्मभरासाठी बाद. दोन्ही निकाल कच्चेच, कारण ॲलर्जी करणाऱ्या अन्नाच्या यादीत दूध आणि गहू चिकनच्या शेजारीच बसलेले आहेत.

खाण्याच्या ॲलर्जीची सर्रास गल्लत होते ती ॲटोपीशी. घरच्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे किडे, बुरशीचे कण, परागकण यांची ॲलर्जी म्हणजे ॲटोपी. माणसाला अशा ॲलर्जीत शिंका येतात, कुत्र्याला मुख्यतः खाज सुटते. खाण्याच्या ॲलर्जीत शरीराचं भांडण अन्नातल्या प्रथिनाशी असतं, पण तेही शेवटी कातडीवरच दिसतं आणि जागाही त्याच: पंजे, कान, काखा, जांघा, तोंडाभोवतीचा भाग. पंजा उचलून बोटं फाकवून पाहा. आतली कातडी लाल आणि ओलसर, पांढऱ्या केसांवर सतत चाटून लाळेचा तपकिरी डाग, कानाला आंबूस वास. एवढं पाहून दोन्हींपैकी काय आहे ते त्वचेचा निष्णात डॉक्टरही सांगू शकत नाही. जो सांगतो त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या दोघांच्या आधी पिसवांचा हिशेब चुकता करावा. खाज कमरेच्या मागे आणि शेपटीच्या मुळाशी जास्त असेल तर संशय पिसवांवरच. अंगावर पिसू दिसली नाही म्हणून ती नाही असं होत नाही. ॲलर्जी असलेलं जनावर चाटून-चावून पुरावा गिळून टाकतं. बारीक फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आपल्या हवेत पिसवांना वर्षभर रान मोकळं असतं, त्यामुळे त्यांचं औषधही वर्षभर चालू ठेवावं लागतं. कानाच्या कडा आणि कोपरं खरडली जात असतील, शिवाय घरातल्या माणसांनाही खाज सुटली असेल, तर खरूज तपासून घ्यावी.

आता उरलेल्या दोघांबद्दल. ॲटोपी बहुतेकदा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होते. त्याहून लहान पिल्लू किंवा सहा-सात वर्षं ठणठणीत राहिलेलं कुत्रं अचानक खाजवायला लागलं, तर खाण्याकडे आधी पाहावं. दरवर्षी ठरावीक ऋतूतच त्रास होत असेल तर ॲटोपी. पण धुळीतले माइट बारमाही असतात, त्यामुळे वर्षभर खाज म्हणजे खाणंच असं म्हणता येत नाही. खाजेबरोबर पोटही बिघडलेलं असेल, म्हणजे दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा शी, ती सैल, गॅस, अधूनमधून उलटी, तर माझा कौल खाण्याच्या बाजूने जातो. अर्थात हे सगळे अंदाज.

‘पण आम्ही खाणं बदललंच नाही, चार वर्षं हेच खातोय,’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ॲलर्जी तशीच होते: महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं पोटात गेलेल्या पदार्थाची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात खाण्याची ॲलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना गोमांसाची, १७ टक्क्यांना दुधाच्या पदार्थांची, १५ टक्क्यांना चिकनची आणि १३ टक्क्यांना गव्हाची ॲलर्जी आढळली होती. हे आकडे प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतले, तिथल्या कुत्र्यांच्या भांड्यात जे पडतं त्याचे. आपल्याकडे मी दूध, चिकन आणि चपातीवर आधी बोट ठेवीन. शाकाहारी घरातलं कुत्रं यातून सुटतं हा समज तर पनीर खाऊ घालणाऱ्यांनी सोडूनच द्यावा.

निकाल लावणारी चाचणी एकच: आठ आठवड्यांचं पथ्य. कुत्र्याने आजवर कधीही न खाल्लेलं प्रथिन निवडायचं. चिकनवर वाढलेल्या कुत्र्याला बोकडाचं मटण आणि रताळं चालू शकतं, मात्र मटण आधी कधी चाखलेलं नसावं. नाहीतर डॉक्टर सांगतात ते हायड्रोलाइज्ड खाद्य, ज्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीर त्यांना ओळखत नाही. ते महाग आहे. पण वाढत्या पिल्लाला आठ आठवडे मटण-रताळ्यावर ठेवणं बरं नाही, तिथे तयार खाद्यच घ्यावं. पंधरा दिवस पुरत नाहीत. खाण्याची ॲलर्जी असलेली सुमारे ८० टक्के कुत्री पाच आठवड्यांत सुधारतात आणि आठ आठवड्यांत ९० टक्क्यांहून जास्त.

पथ्य मोडतं ते बाहेर कुठे नाही, जेवणाच्या टेबलाखाली. आजोबांचा चहात बुडवलेला टोस्ट, वॉचमनकाकांचं ग्लुकोज बिस्किट, गोळी लपवायला घेतलेला पेढा. गोचिडांच्या आणि जंतांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव असते, तीही चालत नाही. घरात कोण काय भरवतं हे सगळ्यात लहान पोराला विचारावं. बाकीचे खोटं बोलतात.

आठ आठवड्यांनी खाज थांबली की जुनं खाणं पुन्हा द्यायचं. इथे घरचे अडून बसतात: आता बरा झालाय, कशाला छळायचं? पण मधल्या काळात ऋतू बदललेला असतो, कानाची औषधं झालेली असतात. गुण कशाचा, हे जुनं खाणं दिल्यावरच कळतं. बहुतेकदा दोन आठवड्यांच्या आत खाज परत येते आणि मग शंका उरत नाही. त्यानंतर पुन्हा पथ्यावर आणून एकेक पदार्थ देऊन पाहायचा.

अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ततपासणीचे लांबलचक रिपोर्ट मिळतात, त्यांवर भरवसा ठेवण्यासारखं काही नाही. केस आणि लाळेच्या चाचण्या तर त्याहून वाईट: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेळण्याचे कृत्रिम केस पाठवले, तरी ॲलर्जीचा रिपोर्ट आला. ॲटोपीत रक्ताची किंवा कातडीतली तपासणी उपयोगी पडते, पण निदान झाल्यावर, ॲलर्जीची लस (ज्याचं वावडं तेच थोडं थोडं देऊन शरीराला सवय लावणारी) कशाची बनवायची ते ठरवायला.

उपचारात दोघांच्या वाटा पार वेगळ्या. खाण्याच्या ॲलर्जीत तो पदार्थ टाळला की झालं, औषध संपलं. ॲटोपी आयुष्यभर सांभाळावी लागते. दोन्हीकडे आधी बुरशी आणि जीवाणूंचा संसर्ग आवरायचा. क्लोरहेक्सिडिनचा शांपू लावून दहा मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, लगेच धुवायचा नाही. स्टेरॉइड स्वस्त आणि जालीम, पण लांब पल्ल्याचं इंजेक्शन परत परत घेत राहिलं की तहान, लघवी आणि वजन वाढत जातं. ऑक्लासिटिनिबच्या गोळीने बऱ्याच कुत्र्यांची खाज दिवसाभरात उतरते. वर्षाखालच्या पिल्लाला ती देत नाहीत. लोकिवेटमॅबचं इंजेक्शन साधारण महिनाभर पुरतं. सायक्लोस्पोरिनचा गुण यायला महिना-दीड महिना लागतो. माणसं ॲलर्जीवर घेतात त्या सेटिरिझिनवर फारशी आशा ठेवू नये. मुळावर काम करते ती ॲलर्जीची लसच, पण तिचा गुण कळायला वर्षही लागतं आणि ती सगळ्यांना लागू पडत नाही. ऑक्लासिटिनिबच्या गोळीने खाज गेली म्हणून ॲटोपीच असं मात्र समजू नये, खाण्याची खाजही तिने दबू शकते. काही कुत्र्यांना दोन्ही असतं. पथ्याने निम्मी खाज जाते, उरलेल्या निम्मीला औषध लागतं.

मांजराचं सगळंच आडवळणाचं. पोटावरचे केस गेले की लोक केसगळतीचं तेल विचारतात. खरं तर मांजर ते एकांतात चाटून काढत असतं. मानेवर हाताला लागणाऱ्या बारीक खपल्या आणि खरडलेला चेहरा, हेही ॲलर्जीचंच. २०१६ च्या त्याच आढाव्यात मांजरांत गोमांसाला १८ टक्के आणि माशाला १७ टक्के होते, चिकन ५ टक्क्यांवर. मांजर म्हणजे मासळी, असं मानणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. पथ्यासाठी मांजराला उपाशी ठेवून नवं खाणं गळी उतरवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतावर चरबी साचून ते जिवावर बेततं. लोकिवेटमॅब फक्त कुत्र्यांसाठी आहे, ते मांजराला देत नाहीत. आणि मानेवर टाकायचं कुत्र्यांचं पिसवांचं औषध थोडं कमी करून मांजराला टाकायचं, हे कधीच करू नये. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात, जीवही जातो. कुत्रं आणि मांजर एकाच गादीवर झोपत असतील, तर असं औषध कुत्र्यालाही टाकू नये.