आमच्या ऑफिसातला डबा : पक्षकारांसाठी माहिती

आमच्या वकिली ऑफिसची फीची पावती नीट पाहिलीत तर तळाशी एक ओळ दिसेल : 'पैकी डबा ५%'. हा डबा काय प्रकार आहे आणि त्यापायी फी वाढली का, असं पुष्कळ पक्षकार विचारतात. काहीजण विचारत नाहीत, नुसती पावती दोनदा वाचतात. दोघांसाठीही हे पत्रक.

आधी फीचं. जादा काही घेतलेलं नाही. ठरलेल्या फीतूनच, म्हणजे आमच्या पदरचे, शंभरातले पाच रुपये पोटगीच्या खटल्यात अडकलेल्या गरजूंसाठी बाजूला पडतात. सुरुवातीला ते कपाटातल्या चिवड्याच्या रिकाम्या डब्यात जायचे. आता वेगळं बँक खातं आहे, नाव मात्र डबाच राहिलं.

डब्याची गरज कुठे पडते

पोटगीचा अर्ज टाकला की पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू, असा बहुतेकांचा समज असतो. कायदाही तसा दयाळू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ (कोर्टात अजून सगळे जुन्या कायद्यातल्या आकड्याने 'एकशे पंचवीस'च म्हणतात) सांगतं, की अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली निघावा. सगळी मेख 'बजावल्यापासून' या एका शब्दात आहे. सामनेवाला खोली बदलतो, बेलीफ 'घर बंद' असा शेरा घेऊन परततो, पुन्हा नोटीस निघते. ती लागली की दोघांनी मालमत्तेचं आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी तसं ठरवून दिलं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आलं, आणि ते फार मोलाचं आहे. पण थकबाकी पुढे मिळणार आहे म्हणून दूधवाला या महिन्याचं बिल सोडत नाही. डबा या मधल्या महिन्यांसाठी आहे.

गेल्या पावसाळ्यात एक ताई मंचरहून तारखेला यायच्या (गाव बदललं आहे). एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे भाड्याचं भागायचं. अडचण मजुरीची होती : एक तारीख म्हणजे एक खाडा. पिशवीत रेशनकार्ड, मुलांचे बोनाफाईड दाखले आणि घडीवर फाटत आलेली लग्नपत्रिका. लग्नाचा पुरावा म्हणून तेवढीच हाताशी. झेरॉक्सच्या टपरीपाशी त्या एकेक कागद उलटून पाहत होत्या, पाठपोट काढला तर किती वाचतील याचा हिशोब करत. आम्ही त्यांच्याकडून फी घेतली नव्हती आणि त्याचा मनातून थोडा तोरा होता. तो तिथे उतरला. फुकट वकील मिळूनही माणूस दहा रुपयांपाशी अडतो, हे एवढी वर्षं वकिली करून आम्हाला नीट दिसलं नव्हतं.

पैसे कसे जातात

रोख हातात देत नाही. जिथे देणं आहे तिथेच भरतो : शाळेत, घरमालकाकडे, औषधाच्या दुकानात. उसने तर मुळीच देत नाही. वकिलाने आपल्या पक्षकाराला खटल्यासाठी कर्ज देऊ नये, असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचा, ३२ वा नियमच आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. वकील सावकार झाला की तडजोडीचा सल्ला निर्मळ मनाने देता येत नाही. डब्यातून मदत मिळालेले बहुतेकजण आमचे पक्षकार नसतात; सहकारी वकील नाव सुचवतात. सामनेवाला आमचा पक्षकार निघाला तर आम्ही त्यातून बाजूला होतो आणि दुसरीकडे पाठवतो. कुणाला किती दिले हे तुम्हाला सांगणार नाही. तुमचंही कुणाला सांगत नाही.

हे उपकार नव्हेत. गरजूला कुवतीप्रमाणे मोफत कायदेशीर मदत करणं हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वांत मोठ्या कर्तव्यांपैकी एक, असं त्याच नियमांतला नियम ४६ म्हणतो.

डब्याआधी हक्काचं

आमच्याकडे कुणी आलं की पहिलं काम असतं, हक्काचं काय राहून गेलंय ते शोधायचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. पुरुषांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग व्यक्तींना ती अटही नाही. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा. 'फुकटचा वकील म्हणजे शिकाऊ वकील' ही समजूत सोडा. प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत आमच्यापेक्षा मुरलेले लोक आहेत. कौटुंबिक न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांनाही काही द्यावं लागत नाही.

सगळ्यात जास्त राहून जाते ती बाल संगोपन योजना. एकट्या पालकाच्या, घटस्फोट झालेल्या घरातल्या मुलांनाही ती लागू होते. मुलामागे दरमहा २,२५० रुपये. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. मारहाण सुरू असेल तर मात्र कागदपत्रांची वाट पाहू नका : पोलिसांचा ११२ किंवा महिला हेल्पलाइनचा १८१ लावा.

'आम्हालाही द्यायचे आहेत'

असं म्हणणारे पक्षकार आहेत, त्याचा आनंद आहे. पण डब्यात आम्ही पक्षकारांकडून एक रुपयाही घेत नाही. ज्याचा खटला चालू आहे त्याचं दान आणि आमचं काम यांची सरमिसळ नको. द्यायचेच असतील तर नोंदणीकृत न्यासाला द्या आणि प्राप्तिकरात सवलत देणारी (८०जी म्हणतात ती) पावती मागा. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर सवलत जाते, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ती मिळतच नाही.

एक मात्र हक्काने मागतो. तुमच्यापैकी काहीजण पोटगी देणारे आहात. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला खात्यात भरा. राग असेल तर तो आमच्यासमोर काढा, चहा आम्ही पाजू.

या पत्रकावर आमचं नाव नाही, फोन नंबर नाही. छापायचा राहिलेला नाही. नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही, म्हणून ते गाळलं आहे. शेजारी, नात्यात कुणाला हे दाखवणार असाल तर त्यांना आमच्याऐवजी १५१०० हा विधी सेवेचा नंबर द्या.