‘आधी दारू सोड, मग घर’: हा क्रमच चुकीचा

"रस्त्यावरच्या माणसाला घर देऊन काय उपयोग? आधी व्यसन सुटू दे," असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. पण चोरी होईल म्हणून बूट उशाशी घेऊन रात्रभर जागणारा माणूस सकाळची गोळी वेळेवर कशी घेणार? फिनलंडने २००८पासून क्रम उलटा केला: आधी घर, मग उपचार. हेलसिंकीतल्या एका मोठ्या निवाऱ्यातल्या खाटा काढून तिथे स्वतंत्र घरं केली. स्वतःच्या नावाचा भाडेकरार, स्वतःची किल्ली, आतून बंद होणारं दार. मदतनीस त्याच इमारतीत. ही खैरातही नव्हे. भाडं राहणाराच भरतो, कमी पडलं तर सरकारी भत्ता मिळतो. १९८७मध्ये त्या देशात १८ हजारांवर बेघर होते. २०२२मध्ये चार हजारांहून कमी उरले.