बातमी ऐकलेले बारा जण

‘सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलेली केस, आता निःपक्षपाती ज्युरी आणायची कुठून?’ अमेरिकेत खटला गाजला की हा प्रश्न हमखास येतो. ज्युरी म्हणजे खटल्याचा निकाल देण्यासाठी निवडलेले सामान्य नागरिक, त्यातला एकेक जण ज्युरर. ज्युररला बातमी ठाऊकच नसावी, असं मात्र तिथला कायदा म्हणत नाही. ऐकलेलं बाजूला ठेवून फक्त कोर्टातल्या पुराव्यावर निकाल देता आला की झालं. हे कोणाला जमेल ते ओळखायचं कसं, गोम तिथे आहे.

बॉस्टन मॅरेथॉनमधले बॉम्बस्फोट एप्रिल 2013 चे. त्यातला आरोपी जोखार त्सारनाएव्ह याच्यावरच्या खटल्यासाठी 1,373 जणांना समन्स गेलं. जानेवारी 2015 मध्ये त्यांच्याकडून 100 प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. त्यातले 256 जण पुढच्या फेरीत आले आणि सुमारे तीन आठवडे एकेकाची विचारपूस चालली. त्यानंतर कारण न सांगता नावं खोडायचा हक्क दोन्ही पक्षांनी वापरला. उरले 12 ज्युरर आणि 6 राखीव.

या गाळणीचं गणित बघण्यासारखं आहे. समजा, 1,000 जणांपैकी 600 जणांचं मत आधीच पक्कं झालंय. आपली चाळणी त्यातले 70 टक्के पकडते आणि उरलेल्या 400 मधलेही 10 टक्के उगाच बाद करते. म्हणजे मत पक्कं असलेले 180 आणि मोकळ्या मनाचे 360 राहिले. तिसरा हिस्सा अजून पूर्वग्रहाचाच! यातून चिठ्ठ्या टाकून बारा निवडले, तर बाराही जण स्वच्छ असण्याची शक्यता (2/3)¹², म्हणजे एक टक्क्याहून कमी. चाळणी 95 टक्के पकडू लागली, तर 390 मध्ये 30 उरतात आणि शक्यता 38 टक्क्यांवर जाते. नुसतं जास्त लोकांना बोलावून हे प्रमाण बदलत नाही; चाळणीच बारीक हवी.

ती भरड राहते, कारण माणसाला स्वतःचाच पूर्वग्रह दिसत नाही. ‘निःपक्ष राहाल का?’ असं न्यायाधीशांनी विचारल्यावर ‘नाही’ म्हणायला कोणाची जीभ रेटणार? शिवाय स्मृती मजकूर जपते, तो कुठून आला ते विसरते. चॅनेलवर ऐकलेली गोष्ट महिनाभराने ‘साक्षीदार म्हणाला होता’ म्हणून आठवते, आणि माणूस खोटं बोलत नसतो. म्हणून ‘या प्रकरणाबद्दल काय काय ऐकलंय?’ असा उघडा प्रश्न जास्त कामाचा. बॉस्टनमध्ये बचाव पक्षाने तो मागितला होता. उत्तरांचा ढीग आवरणार नाही म्हणून न्यायाधीशांनी नाकारला. 2020 मध्ये अपील न्यायालयाने मुख्यतः याच मुद्द्यावर त्सारनाएव्हला झालेली मृत्युदंडाची शिक्षा रद्द केली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी ती पुन्हा कायम केली: कोणते प्रश्न विचारायचे हा न्यायाधीशांचा अधिकार.

चेहरा आणि हातवारे वाचून ज्युरर निवडून देतो म्हणणारे सल्लागारही तिथे भरपूर पैसे घेतात. आपल्याकडे याला सामुद्रिक म्हणतात, आणि दक्षिणा बरीच कमी असते.

ज्युरी आपल्याकडेही होती. मुंबईत 1959 मध्ये वृत्तपत्रांनी डोक्यावर घेतलेल्या, नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने 8 विरुद्ध 1 असं ‘निर्दोष’ ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शिक्षा झाली. पण या एका खटल्याने ज्युरी लगोलग बंद झाली, ही दंतकथा. ती टप्प्याटप्प्याने गेली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच नव्हती. पारशी घटस्फोटांच्या कोर्टात न्यायाधीशांबरोबर ज्युरीसारखे ‘डेलिगेट’, म्हणजे समाजातून नेमलेले प्रतिनिधी, अजून बसतात.