बीएस्सी बायोटेक की बीटेक बायोटेक? नाव एक, पण घरं दोन

परवा मावशीचा फोन आला, "अगं, धाकटीला बायोटेकला घालायचं म्हणतोय, तू तेच केलंयस ना?" मी विचारलं बीएस्सी की बीटेक, तर म्हणाली "जे चांगलं असेल ते." आता यात मावशीची काही चूक नाही, दोन्हींवर बायोटेक्नॉलॉजी असंच लिहिलेलं असतं, माहितीपत्रकावर दोन्हीकडे तोच पांढरा कोट आणि तीच डीएनएची शिडी. पण आत शिकवतात ते इतकं वेगळं आहे की एक समजून दुसऱ्यात गेलेली पोरं मी दोन्ही बाजूंची बघितलीत, आणि त्यांची घुसमटही बघितलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीएस्सी बायोटेक ही सायन्सची डिग्री. जेनेटिक्स, सेल बायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, इम्युनॉलॉजी, टिश्यू कल्चर. इथे कायम एकच विचारायचं असतं, हे जिवंत पेशीत नक्की होतं कसं? बीटेक बायोटेक मात्र केमिकल इंजिनिअरिंगची सख्खी बहीण आहे. पहिल्या वर्षी मॅथ्स, मेकॅनिक्स, ड्रॉइंग, प्रोग्रॅमिंग, बाकीच्या इंजिनिअरिंगच्या पोरांसारखंच सगळं, पुढे फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर, मास ट्रान्सफर, बायोरिअॅक्टर डिझाइन, आणि त्याच्या जोडीने बायोलॉजी. तिथला प्रश्न असतो की हे पेशीतलं काम हजारो लिटरच्या टाकीत, प्रत्येक बॅचला सारखंच, परवडेल अशा खर्चात कसं करून घ्यायचं.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. माणसाच्या इन्सुलिनचा जीन ई. कोलाय नावाच्या साध्या बॅक्टेरियात घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनवून घ्यायचं, हे १९७८ मध्ये अमेरिकेत जमलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. कॉलेजच्या लॅबमध्ये अशाच बॅक्टेरियाला आपण २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली मीडिया, म्हणजे बॅक्टेरियाचं पातळ खाद्य, घालून वाढवतो. तोंडाला कापसाचा बोळा, ३७ डिग्रीच्या शेकरवर फ्लास्क गरगर फिरतोय, चांगला मीडिया असेल तर साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात, सकाळी कोऱ्या चहासारखा पारदर्शक असलेला मीडिया दुपारपर्यंत ताकासारखा गढूळ होतो. मग प्रोटीन बनायला लावणारं केमिकल टाकायचं, काही तासांनी प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करणारं जेल चालवायचं, ते निळ्या डायमध्ये बुडवायचं आणि आपल्या प्रोटीनची पट्टी योग्य जागी उमटलीय का ते डोळे ताणून बघायचं. ती जाडजूड निळी पट्टी पहिल्यांदा दिसते ना, तेव्हाचा आनंद काय असतो ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. हे झालं बीएस्सीचं जग.

आता तेच बॅक्टेरिया मोठ्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे ते वाढवायच्या बंद टाकीत घाला. फ्लास्क हलवला की हवा आपोआप मिसळते, टाकीत तसं होत नाही. ३७ डिग्रीला पाण्यात हवेतला ऑक्सिजन लिटरला जेमतेम ७ मिलिग्रॅम विरघळतो आणि गच्च वाढलेलं कल्चर तो काही सेकंदांत संपवतं, म्हणजे हवा खालून सतत सोडायची, पंख्याने तिचे बुडबुडे फोडत राहायचे. जास्त हवा सोडली की फेस चढतो आणि वरच्या फिल्टरपर्यंत पोचतो. वाढणारे बॅक्टेरिया उष्णताही सोडतात, आणि टाकीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की आतला माल आठपट होतो पण गार करायला मिळणारा बाहेरचा पृष्ठभाग फक्त चौपट, म्हणून टाकी जितकी मोठी तितकं तिला थंड ठेवणं अवघड. साखर जास्त पडली किंवा ऑक्सिजन कमी पडला तर ई. कोलाय अॅसिटेट सोडायला लागतो आणि त्यातच त्याची वाढ खुंटते. हे सगळं गणिताने आधीच बांधून ठेवायचं, हे बीटेकवाल्याचं काम.

मी स्वतः बीएस्सी, मग एमएस्सी, आणि आता अशा फर्मेंटरच्याच डिपार्टमेंटला आहे. सुरुवातीला एका नाइट शिफ्टला ऑक्सिजनचा आकडा धाडकन खाली आला आणि मी जीनमध्ये काही बिघडलंय का असा विचार करत उभी, तोवर शेजारच्या बीटेकवाल्या सहकाऱ्याने फीड, म्हणजे टाकीत सोडलं जाणारं खाद्य, कमी करून पंख्याचा स्पीड वाढवलासुद्धा. उलट एकदा एक बॅच पहिल्यापासूनच वेगळी वागत होती, तो प्रोब आणि कॅलिब्रेशन तपासत बसला होता, मी एक थेंब स्लाइडवर घेऊन ग्रॅम स्टेन केला, म्हणजे बॅक्टेरिया ओळखायला रंग दिला. ई. कोलाय असता तर गुलाबी बारीक काड्या दिसायला हव्या होत्या, दिसल्या त्या जांभळ्या, जाड, साखळीने लागलेल्या. दुसराच बॅक्टेरिया घुसला होता, टाकी ओतून द्यावी लागली. त्या दिवशी दोघांनाही कळलं की आपण एकाच नावाखाली वेगवेगळं शिकून आलोय.

बायोकॉन या बायोटेक औषध कंपनीच्या किरण मझुमदार-शॉ यांचं शिक्षणही मला यासाठीच महत्त्वाचं वाटतं, आधी बंगळुरूत झूलॉजीत बीएस्सी आणि मग ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचं रीतसर शिक्षण. जीव कसा वागतो हेही माहीत आणि टाकी कशी चालवायची हेही माहीत, आणि १९७८ मध्ये त्यांनी कंपनी सुरू केली.

अॅडमिशनचं थोडक्यात सांगते. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या बीटेकला आपल्याकडे फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, सीईटीचा पीसीएम ग्रुप किंवा जेईई, काही डीम्ड आणि खासगी युनिव्हर्सिट्या पीसीबीवाल्यांनाही, म्हणजे मॅथ्सऐवजी बायोलॉजीचा ग्रुप असलेल्यांनाही घेतात. बीएस्सीला बारावी सायन्स, डिग्री तीन वर्षांची, नव्या धोरणात चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. आणि गोंधळात भर म्हणजे कृषी विद्यापीठांच्या कॉलेजातही बीटेक बायोटेक असतं, लातूरला परभणीच्या विद्यापीठाचं आहे ना, तसं. तिथे पीसीबीवालेही जातात, पण ते पिकांचं, वाणांचं, टिश्यू कल्चरचं शिक्षण आहे, जळगावकडे टिश्यू कल्चरची केळी लावतात त्या वाटेचं, फर्मेंटरच्या नाही. फॉर्म भरताना युनिव्हर्सिटीचं नाव नीट वाचा.

पुढचं मात्र मोकळेपणाने बोलायलाच हवं. नुसत्या बीएस्सी बायोटेकवर चांगली नोकरी मिळणं कठीण आहे. मालाची क्वालिटी तपासणारी क्यूसी लॅब, डायग्नोस्टिक लॅब, प्रॉडक्शन अशी कामं मिळतात पण पगार कमी असतो आणि तिथे मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्रीची पोरंही रांगेत असतात. म्हणून बीएस्सीला जाताना एमएस्सी धरूनच चाला, आणि त्यासाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि गॅट-बी ही दुसरी प्रवेश परीक्षा, ही दोन नावं पहिल्याच वर्षी लिहून ठेवा, जॅमवरून आयआयटी बॉम्बेच्या एमएस्सीला जाता येतं. बीटेकला चार वर्षांनंतर लगेच नोकरीला उभं राहता येतं हे खरं, पण बायोटेकच्या कंपन्या कॅम्पसवर कमी येतात आणि बरीच पोरं आयटीत जातात, फी भरताना हे आईबाबांना माहीत असलेलं बरं.

अजून एक, मेडिकलची 'नीट' परीक्षा रिपीट करताना मधे काहीतरी हवं म्हणून बीएस्सी बायोटेक घेणाऱ्यांबद्दल मला खूप वाईट वाटतं. प्रॅक्टिकल बुडतात, पहिल्या वर्षाचं बायोकेमिस्ट्री कच्चं राहतं, आणि 'नीट' नाही निघाली तर त्याच कच्च्या पायावर पुढची वर्षं काढावी लागतात.

मावशीच्या लेकीशी मी मग वेगळं बोलले. तिला विचारलं, बारावीत कशात वेळ कसा गेला ते कळलं नाही? म्हणाली जेनेटिक्सच्या गणितात, पण कॅल्क्युलस नको रे बाबा. मग तिला म्हटलं बीएस्सी बघ, आणि कॉलेज ठरवायच्या आधी प्रॅक्टिकलच्या वेळी जाऊन ये. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर मशीन कपाटात आहे की टेबलावर, लॅमिनारमध्ये, म्हणजे जंतुविरहित हवेच्या कपाटात, कोणी काम करतंय का, शेकर चालू आहे का, आणि मायक्रोपिपेट किती मुलांत एक हे तिथल्या टीवायच्या पोरींना विचार. शनिवारी दोन कॉलेजं बघायला जाणार आहे ती, मीही सोबत जाईन.