बिघाड आंधळा, हल्ला डोळस

लष्कराच्या संदेशवहनाच्या जाळ्यातलं एखादं यंत्र एक तर आपोआप बिघडतं, नाहीतर शत्रू ते पाडतो. दोन्ही वेळा जाळं किती तग धरेल हे आधीच कळावं म्हणून त्याचं प्रारूप संगणकावर उभारतात, त्यातली ठाणी (म्हणजे एकमेकांना जोडलेली यंत्रं) एकामागून एक काढून टाकतात आणि उरलेल्यांपैकी किती एकमेकांशी बोलू शकतात ते मोजतात.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत अभियंते पॉल बॅरन यांनी नेमकं हेच केलं. अणुहल्ल्यानंतरही लष्कराचे आदेश पोचायला हवे होते. त्यांनी १८ बाय १८, म्हणजे ३२४ ठाण्यांचं जाळं कल्पिलं. सगळी ठाणी जेमतेम जोडायला जितके दुवे लागतात त्याच्या तीन-चार पट दुवे ठेवले, की हल्ल्यातून वाचलेली ठाणी जवळजवळ सगळी एकमेकांना जोडलेली राहतात, असं त्यांना आढळलं. स्वस्त, बेभरवशाच्या भागांतूनही भरवशाचं जाळं विणता येतं! हा निष्कर्ष मला आजही विलक्षण वाटतो.

पण बॅरन यांच्या जाळ्यात सगळी ठाणी सारखीच होती. २००० साली आल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात वेगळ्या जाळ्यांचा अभ्यास मांडला. त्यांत मोजक्या केंद्रांकडे असंख्य दुवे असतात, बाकीच्यांकडे दोन-चार. अशा जाळ्यातली ठाणी चिठ्ठ्या टाकून काढली तर फारसं बिघडत नाही, कारण चिठ्ठी बहुधा लहान ठाण्याचीच निघते. मोठी केंद्रं वेचून काढली, की जाळ्याची शकलं होतात. लष्करात आदेश वरून खाली येतात, त्यामुळे मुख्यालयं आपसूकच अशी केंद्रं बनतात. म्हणून बिघाड आणि हल्ला यांची सरासरी काढणारं प्रारूप मला धोकादायक वाटतं.

शिवाय, जोडलेलं म्हणजे चालू, असंही नाही. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकी संरक्षण खात्याचं अर्पानेट, म्हणजे इंटरनेटच्या आधीचं संगणक-जाळं, काही तास ठप्प झालं. यंत्रातल्या बिघाडाने एका स्थिती-संदेशाच्या (दुव्यांची हालहवाल कळवणाऱ्या संदेशाच्या) अनुक्रमांकातले काही बिट, म्हणजे शून्य-एकचे अंक, गळाले. एकाच संदेशाच्या तीन प्रती अशा क्रमांकांनी फिरू लागल्या, की पहिलीपेक्षा दुसरी नवी, दुसरीपेक्षा तिसरी आणि तिसरीपेक्षा पुन्हा पहिली नवी ठरे. प्रत्येक ठाणं ‘नवा’ संदेश इमानाने पुढे ढकलत राहिलं. तारेवरून जाताना संदेश तपासले जात होते; यंत्राच्या मेमरीत पडून असताना मात्र नाही.