क्लार्क आत गेला कशाला?

सोसायटीच्या सभेत ‘कोरम झाला का?’ असे आपण सहज विचारतो. हा शब्द इंग्लंडच्या बिनवकील न्यायाधीशांकडून आलेला आहे. १३६१ च्या कायद्याने प्रत्येक परगण्यात शांतता राखायला एक सरदार, तीन-चार प्रतिष्ठित माणसे आणि जोडीला काही कायदा जाणणारे नेमायचे ठरले. हेच ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे जे.पी.; यांनाच मॅजिस्ट्रेटही म्हणतात. त्यांच्या लॅटिन नेमणूकपत्रात काही नावे वेगळी काढून, ‘ज्यांच्यापैकी’ एक तरी हजर हवा, असे लिहीत. ‘ज्यांच्यापैकी’ म्हणजे कोरम. वेगळी काढलेली नावे मूळची कायदा शिकलेल्यांची. पुढे मानापानापायी जवळजवळ सगळ्यांचीच नावे त्यात जाऊ लागली आणि अट कागदावरच उरली.

मग कायदा बाकावरून उतरून खालच्या टेबलाशी बसला. क्लार्क म्हटले की आपल्याला फायलींमागचा कारकून दिसतो; मॅजिस्ट्रेटना कायदा सांगायला खाली बसणारा हा क्लार्क मात्र बहुतेकदा गावातला सॉलिसिटर, म्हणजे वकील. १८७७ मध्ये त्याच्यासाठी पात्रतेच्या अटी कायद्यानेच घातल्या. वर बसणारे जमीनदार, व्यापारी, नंतर शिक्षक, कामगार पुढारी, आणि १९१९ पासून स्त्रियाही. या वर बसणाऱ्यांना मात्र कायद्याची पदवी लागत नव्हती, आजही लागत नाही. साक्षीदार खरे बोलतो की खोटे हे शहाण्या माणसाला कळते, कलम काय म्हणते ते क्लार्क सांगेल, अशी ही वाटणी. ऐकायला सोपी. पण निकालासाठी मॅजिस्ट्रेट आतल्या खोलीत जातात, तेव्हा क्लार्कने मागोमाग जायचे की नाही?

‘न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना दिसलाही पाहिजे.’ आपल्याकडच्या अग्रलेखांत हे वाक्य इतके झिजले आहे की त्यामागे एक मोटारसायकल आहे हे कुणाच्या ध्यानात नसते. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्ज गावी एका अपघातात मोटारसायकलस्वारावर धोकादायक वाहन चालवल्याचा खटला झाला. निकालाला मॅजिस्ट्रेट आत गेले, त्यांच्यामागे त्या दिवशीचा बदली क्लार्कही गेला, साक्षीची टिपणे हातात घेऊन, कायद्याचे काही विचारले तर असावीत म्हणून. आरोपी दोषी ठरला. पण त्या क्लार्कची फर्म याच अपघातातल्या समोरच्या पक्षासाठी नुकसानभरपाईचे काम पाहत होती. मॅजिस्ट्रेटनी शपथेवर सांगितले : आम्ही त्याला काही विचारले नाही, तोही काही बोलला नाही. वरच्या कोर्टाने ते खरे धरले आणि तरीही शिक्षा रद्द केली. १९२३ मध्ये मुख्य न्यायाधीश लॉर्ड ह्युअर्ट यांनी ते वाक्य उच्चारले ते या प्रकरणात. माझ्या मते त्याचा खरा विषय बंद दार हा आहे. दाराआड कोण काय बोलले हे बाहेरच्याला कळायचा मार्गच नव्हता.

१९५२ मध्ये कॉर्नवॉलच्या ईस्ट केरियर प्रकरणात लॉर्ड गोडार्ड यांनी बजावले की क्लार्कने रिवाज म्हणून आत जायचे नाही. कायद्याचा प्रश्न असेल तर मॅजिस्ट्रेटनी बोलवावे. सल्ला दिला की त्याने बाहेर यावे. अनेक क्लार्क मंडळींना हा अपमान वाटला म्हणे, आणि ते स्वाभाविकही होते. २००० च्या निर्देशांनी आणखी पुढे जाऊन सल्ला शक्यतो उघड्या कोर्टातच द्यावा असे ठरवले. २००३ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या अपील कोर्टापुढे स्कॉटलंडचे असेच प्रकरण आले, तेव्हा सूत्र पक्के झाले : आत दिलेला सल्ला तात्पुरता समजायचा, बाहेर येऊन तो पक्षकारांना सांगायचा, त्यांच्या वकिलांचे म्हणणे ऐकायचे, मग निर्णय.

मुंबईतही जे.पी. होते. १८३४ मध्ये जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह काही भारतीयांना हा मान मिळाला, आणि १८६५ पासून काही वर्षे शहराची पालिकाच या जस्टिसांच्या हाती होती. मानद दंडाधिकाऱ्यांची ती पद्धत १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मोडली. विशेष दंडाधिकारी नेमायचा तर तो आजी किंवा माजी सरकारी पदाधिकारी हवा, अशी अट आली.

इंग्लंडमध्ये मात्र तिघा मॅजिस्ट्रेटांचा बाक टिकून आहे. जस्टिसेस क्लार्क हे पद २०२० मध्ये गेले, खाली बसणारा आता ‘लीगल ॲडव्हायझर’ म्हणवतो. पुराव्यावर मत देणे त्याला वर्ज्य. कायद्यावरचा त्याचा सल्ला मानावा अशी अपेक्षा. पण निकाल तिघांचा, त्यामुळे ते अडून बसले तर तो त्यांना थांबवू शकत नाही. मग हरलेल्या पक्षाला हायकोर्टाकडे कायद्याचा प्रश्न पाठवून घेता येतो. १८५७ पासूनची ही वाट. त्या प्रश्नाचा मसुदा मॅजिस्ट्रेटच्या नावाने जातो, पण तो लिहायला सहसा बसतो तोच, ज्याचा सल्ला त्यांनी बाजूला ठेवलेला असतो.