दुसऱ्या प्रोसेसरला उठवायचं कसं?

कुडाळ किंवा रत्नागिरीच्या भंगारात नव्वदच्या दशकातला दोन प्रोसेसरचा सर्व्हर हाती लागला आणि त्याची बनावट जगावेगळी असली, तर लिनक्स चढवूनही बहुधा एकच प्रोसेसर राबताना दिसेल. दुसरा मेलेला नसतो. त्याला कोणी उठवलेलंच नसतं.

आधी हार्डवेअर. मिरगानंतरच्या दमट, खाऱ्या हवेत मेमरी कार्डांच्या संपर्कपट्ट्यांवर थर चढतो; तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि बोर्ड पूर्ण सुकल्यावरच वीज द्यावी. डॅलसच्या डीएस१२८७ घड्याळचिपची बॅटरी चिपच्या पोटातच असते. ती संपली की सेटिंग्ज पुसली जातात.

आता मूळ अडचण. १९९४ पूर्वी प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी होती. त्या वर्षी इंटेलने मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन आणलं आणि बायोसने, म्हणजे यंत्र सुरू होताच आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामने, मेमरीत एक तक्ता ठेवायचा असं ठरलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्या तक्त्याकडे बोट दाखवणाऱ्या रचनेची खूण शोधतो: ‘एमपी’ आणि दोन्ही बाजूंना अंडरस्कोर. ही रचना १६ बाइटची असते आणि तिच्या सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने भागून बाकी शून्य उरावी लागते. न उरल्यास तक्ता खोटा समजायचा. प्रोसेसर किती आणि कोणती इंटरप्ट तार (डिस्कसारख्या उपकरणाने प्रोसेसरला हाक मारायची तार) कुठे जाते, हे तक्त्यातूनच कळतं.

उठवण्याचा क्रम ठरलेला आहे. पहिला प्रोसेसर दुसऱ्याला ‘इनिट’ संदेश देतो, १० मिलिसेकंद थांबतो, मग ‘स्टार्टअप’ संदेश देतो आणि २०० मायक्रोसेकंदांनी तोच पुन्हा देतो. उठलेला प्रोसेसर १६ बिटच्या जुन्या अवस्थेत असतो, म्हणून त्याचा सुरुवातीचा कोड पहिल्या १ एमबीत, ४०९६ च्या पटीतल्या पत्त्यावर हवा. ४८६ प्रोसेसरसोबतची ८२४८९डीएक्स ही इंटरप्टची वेगळी चिप मात्र ‘स्टार्टअप’ ओळखतच नाही. तिथे सीमॉसच्या (बॅटरीवर टिकणाऱ्या सेटिंग्जच्या मेमरीच्या) १५ क्रमांकाच्या बाइटमध्ये १० लिहायचं, उडी मारायचा पत्ता बायोसच्या डेटा भागात ठेवायचा आणि मग ‘इनिट’ द्यायचं. हा फरक विसरला की यंत्र निमूट थांबतं, पडद्यावर एक अक्षरही येत नाही. म्हणून सीरियल पोर्टवर संदेश छापण्याची सोय सर्वांत आधी करावी.

प्रोसेसर एकेक करूनच उठवावेत. दोघांना एकच स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची मेमरीतली जागा) मिळाला तर एकाचे परतीचे पत्ते दुसरा पुसतो. एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपांचंही तसंच: एका रहाटावर दोघांनी एकदम दोर ओढला तर घागर कोणाच्याच हाती येत नाही. १९९६ च्या लिनक्स २.० ने यावर साधा उपाय केला, अख्ख्या कर्नलला एकच मोठं कुलूप. वेग कमी, पण नव्या यंत्रावर सुरुवात करताना आजही तोच शहाणपणाचा मार्ग.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते इंटरप्ट. दुसरा प्रोसेसर उठला, पण डिस्क लटकली, तर तक्त्यातली तारांची नोंद चुकीची असण्याची शक्यता मोठी. इंटरप्टचे आकडे पाहावेत. डिस्कचा आकडा वाढत नसेल तर ती तार भलत्याच पायाला जोडली गेली आहे.

एनसीआर कंपनीच्या व्हॉयेजरसारख्या यंत्रांत इंटरप्टची चिपच निराळी, त्यामुळे हा तक्ता उपयोगाचा नाही. लिनक्समध्ये तिच्यासाठी वेगळा कोड होता. तो २००९ मध्ये काढला गेला. अशा यंत्रासाठी त्याआधीचा कर्नल घ्यावा लागतो आणि नव्या कंपायलरवर तो बहुधा अडतो, म्हणून त्याच काळातला जीसीसी हा कंपायलर सोबत ठेवावा.